फुगडीची जोडीदार

वैजयंती देशमाने फुगडीला उभी राहिली की समोरची बाई आधी पदर नीट खोचून घ्यायची. वैजू सत्तरीला टेकली होती, एसटीच्या विभागीय कार्यालयातून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण पाय जुळवून, हातांचा तिढा घालून तिनं एकदा अंग मागे झोकलं की बघणारीलाच घेरी यायची. तिच्या पिढीच्या पोरी शाळेत होत्या तेव्हा आळीत एक फोन असला तरी पुष्कळ. आता त्याच पोरी आज्या झाल्या होत्या, पाण्याच्या टाकीपासून देवघरातल्या समईपर्यंत सगळं घर बोलायला लागलं होतं, आणि तरी सांगलीच्या विश्रामबागेत दर मंगळवारी दुपारी बायका जमून झिम्मा खेळतच होत्या. फुगडी घालणारं यंत्र तेवढं कुणी अजून विकायला आणलं नव्हतं. आणलं असतं तर वैजूनं त्यालाही दमवलं असतं.

तिची जोडीदार ठरलेली होती, प्रतिभा शेटे. प्रतिभा शाळेत गाणं शिकवायची. गळा गोड, बोलणं त्याहून गोड. लग्न होऊन दोघी एकाच सोसायटीत आल्या तेव्हापासून एकमेकींच्या हातात हात. फुगडी ज्यांनी कधी घातली नाही त्यांना हे कळायचं नाही, पण त्या खेळात आपला तोल आपल्याकडे नसतोच. तो समोरचीच्या मुठीत असतो. तिनं मूठ सैल केली की संपलं. वैजू म्हणायची, प्रतिभाच्या हातात हात असला की मी डोळे मिटून मागे पडते. नवऱ्यावरही तिनं कधी एवढा भरवसा टाकला नव्हता, आणि तो बिचारा होता तोवर हे हसत कबूल करायचा.

वैजूला आयुष्यात धास्ती होती ती एकाच गोष्टीची. तिची आई न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळली, खुब्याचं हाड मोडलं आणि उरलेलं आयुष्य पलंगावर गेलं. कूस बदलायलाही माणूस लागायचं. आई एकदा तिला म्हणाली होती, "पडले म्हणून मोडलं नाही गं. आतून मोडलेलंच होतं, पडले तेव्हा कळलं." हे वाक्य वैजूच्या डोक्यातून कधी गेलं नाही. साठी उलटल्यावर तिच्याही तपासणीत हाडं विरळ झाल्याचं निघालं, तेव्हा तिला आधी आईचा तो पलंग दिसला.

पण वैजू रडत बसणाऱ्यातली नव्हे. तिनं सगळं समजून घेतलं. हाड जिवंत असतं. त्यात दिवसरात्र दोन टोळ्या राबत असतात. एक जुनं हाड कुरतडून काढते, दुसरी नवं भरते. तरुणपणी भरणाऱ्यांचा जोर असतो. बाईची पाळी गेली की कुरतडणाऱ्यांचं फावतं. भरणाऱ्या टोळीला कामाला लावायचं तर तिला माल लागतो आणि हुकूम लागतो. माल म्हणजे खाण्यातलं कॅल्शियम, प्रथिनं, उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व. हुकूम सुटतो तो भार पडला की. हाडाच्या आत खोल बसलेल्या पेशींना दाब कळतो. जिना चढलं, वजन उचललं, उडी मारली की त्या आतून निरोप धाडतात, इथं गरज आहे, इथं भरा. भारच पडला नाही तर नाचणी खा नाहीतर तीळ खा, आलेला माल तसाच निघून जातो.

एवढं कळल्यावर वैजूला हसूच आलं. म्हणजे फुगडी, झिम्मा, बसून मारायच्या उड्या, सूप घेऊन नाचणं, हे सगळं औषधच की. प्रश्न एवढाच होता की विरळ हाडावर किती भार टाकायचा. कमी टाकला तर हुकूम सुटत नाही, जास्त टाकला तर हाडच जातं. त्यावरही उपाय निघाला होता. त्याचं नाव पदनाद.

पदनाद म्हणजे चपलेत घालायची एक पातळ गादी आणि कमरेला बांधायचा बोटभर रुंद पट्टा. पाऊल पडलं की एक बारीक कंप टाचेतून नडगीत, नडगीतून मांडीत, तिथून खुब्यापर्यंत जातो. भरलेल्या हाडातून तो झटकन आणि खणखणीत जातो. विरळ हाड त्याला मध्येच गिळून टाकतं. गादी तो कंप निघताना ऐकायची, पट्टा पोचताना ऐकायचा, आणि दोन्हींचा हिशोब लावून हाडाच्या बळाचा आकडा काढायचा. मग कानातल्या कुडीत हळूच सांगायचा: आज हिरवी, उड्या मारा. आज पिवळी, बेतानं. लाल असेल तर बसा. वर दुपारचं दही खाल्लं का, लोणच्याला हात आवरा, सकाळचं ऊन घेतलं नाही, अशी सासूगिरीही करायचा.

मंगळवारच्या मंडळातल्या सगळ्या बायकांनी पदनाद घेतले ते वैजूच्या सांगण्यावरून. आणि दोन नियम केले तेही तिनंच. पहिला नियम हजेरीचा. सरावाआधी गोल उभं राहून प्रत्येकीनं आपला रंग मोठ्यानं सांगायचा. कुडी जिच्या तिच्या कानात बोलते, दुसरीला ऐकू येत नाही, म्हणून तोंडानं सांगायचा आणि खरा सांगायचा. लाल असेल तिनं रिंगणात उतरायचं नाही. "मी असले तरी नाही," वैजूनं बजावलं होतं.

दुसरा नियम काळजीवाहकाचा. पदनाद सुरू करताना एका जवळच्या माणसाचं नाव द्यावं लागायचं. त्या माणसाला आपला आकडा दिसतो, आपण पडलो तर त्याला निरोप जातो. जगातले सगळे म्हातारे मुलामुलींचं नाव द्यायचे. वैजू म्हणाली, पोरांचं नाव मुळीच द्यायचं नाही. पोरं घाबरट असतात, जरा आकडा हलला की खुर्चीत बसवतील. आपण आपल्या फुगडीच्या जोडीदाराचं नाव द्यायचं. जिच्या हातात तोल दिलाय तिच्या हातात आकडा दिला तर काय बिघडलं? बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैजूनं प्रतिभाचं नाव घातलं, प्रतिभानं वैजूचं. आणि दोघींनी तिथल्या तिथे ठरवलं की एकमेकींचा आकडा उघडून बघायचा नाही. बघायची वेळ आली म्हणजे भरवसा संपला. वैजूनं हे इतकं मनापासून पाळलं की तो आकडा कुठे दिसतो हेही ती विसरून गेली.

ह्या बायकांनी अटी वाचल्या नव्हत्या. कोण वाचतं म्हणा.

पुढची काही वर्षं वैजूची मजेत गेली. सकाळी नाचणीची आंबील, जेवणात मुगाचं धिरडं नाहीतर अंडं, शेवग्याच्या पाल्याची भाजी, आयर्विन पुलापर्यंत झपझप चालणं, आणि मंगळवारी उड्या. पिवळीची हिरवी झाली. हजेरीला ती "हिरवी" म्हणायची तेव्हा आवाज सगळ्या हॉलभर जायचा. प्रतिभाही "हिरवी" म्हणायची, तिच्या त्या गोड आवाजात.

मग गेल्या वर्षीच्या आषाढात, श्रावणातल्या कार्यक्रमाची तालीम जोरात असताना, एका सकाळी कुडी म्हणाली, पिवळी. वैजूला वाटलं, झोप झाली नसेल. पुढच्या आठवड्यात कुडी म्हणाली, लाल.

तिनं गादी बदलून बघितली. पट्टा पुसला. उपाशीपोटी चालून बघितलं, जेवून चालून बघितलं. लाल ते लालच. तिची सगळी धडपड चाललेली असताना हाड आतून ढासळतंय, ह्याचा अर्थ तिला एकच कळला: आईचं हाड माझ्या अंगात आहे, ते कुणाला सुटत नाही. मंगळवारी हजेरीला तिची पाळी आली तेव्हा तिनं "लाल" म्हटलं. नियम तिचाच होता. चपला घालून ती बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली आणि डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून पिशवीत काहीतरी शोधत राहिली.

तेव्हा प्रतिभा रिंगणातून बाहेर आली. सगळ्यांसमोर तिनं वैजूच्या गळ्यात हात टाकले आणि जाहीर केलं, "वैजू नाही तर मीही फुगडी घालणार नाही. ह्या जन्मात तरी नाही." बायकांचे डोळे भरून आले. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं, असं जी ती बोलू लागली. प्रतिभा त्या दिवसापासून फुगडी सोडून गाणी म्हणायला बसली, आणि वैजू घरी बसल्यावर मंडळाचं पुढारपणही आपसूक तिच्याकडे आलं. कुणीतरी बघायलाच हवं होतं की.

भीती माणसाला कशी हळूहळू खुर्चीत बसवते ते वैजूनं त्या वर्षात पाहिलं. आधी उड्या गेल्या. मग पुलापर्यंतचं चालणं गेलं, रस्त्यात कुणाचा धक्का लागला तर? मग जिना गेला. पुण्याहून लेक आली, मृण्मयी. तिनं न्हाणीत धरायला दांडे बसवले आणि फरशीवर खरखरीत चटया टाकल्या. मृण्मयीला आईची ही अशी दशा बघवत नव्हती, पण लाल म्हटल्यावर तीही गप्प. भाजी दारात यायची. वैजू व्हरांड्यात बसून रस्ता बघायची. भूक मेली, ऊन नको वाटायला लागलं. प्रतिभा मात्र न चुकता यायची. डिंकाचे नाहीतर नाचणीचे लाडू आणायची, गुडघ्यावर शाल घालायची आणि म्हणायची की आता उड्याबिड्या डोक्यातून काढ, जपून बस, बाकीचं मी बघते. ती गेल्यावर वैजू लेकीला सांगायची, सख्खी बहीण करणार नाही एवढं करते गं ही माझं.

वर्षानं मृण्मयी हट्टाला पेटली. मिरजेत हाडं भरून काढणारी नवी इंजेक्शनं आली होती, ती द्यायचीच म्हणाली. सांगलीच्या माणसाला दुखणं आलं की मिरज गाठायची हे पूर्वापार चालत आलेलं, तेव्हा दोघी मिरजेला गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नूपुर खाडिलकर नावाच्या, बोलायला साध्या. त्यांनी जुन्या पद्धतीनं यंत्राखाली झोपवून क्ष-किरणांनी खुबा आणि कणा मोजला. मग पदनादची गादी मागून घेतली. म्हणाल्या, गादीनं ऐकलेले मूळ आवाज तिच्यातच साठलेले असतात, कुडी सांगते तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. आपण मूळ आवाज ऐकू.

आधी त्यांनी परवाचं पाऊल ऐकवलं. खोलीत एक बसका, मऊ आवाज झाला, भिजलेल्या लाकडावर बोट आपटावं तसा. वैजूनं मान खाली घातली. मग डॉक्टरीणबाईंनी मागे मागे जात गेल्या आषाढातलं पाऊल काढलं, कुडी पहिल्यांदा "लाल" म्हणाली त्या सकाळचं. ते ऐकलं आणि त्यांनी भुवया उंचावल्या. पुन्हा ऐकवलं. टणक, घट्ट, स्वच्छ आवाज होता. न शिकलेल्या कानालाही कळावं असा.

"काकू," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचं हाड उत्तम होतं. लाल कुणी म्हटलं तुम्हाला?"

वैजूनं कानातल्या कुडीला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. पदनाद बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की म्हातारी माणसं "जपा" म्हटलं तर ऐकत नाहीत, आकडा पडलेला दिसला तर मात्र मुकाट्यानं बसतात. म्हणून काळजीवाहकाच्या हातात त्यांनी एक सोय ठेवली होती, सावधगिरीची कळ. ती वर सरकवली की मूळ आकड्यातून ठरलेला भाग वजा होऊन कुडीला जातो. वापरणाऱ्याला हे कळू द्यायचं नाही, कारण कळलं तर उपयोग काय? अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं. तुमच्या आकड्यातून गेल्या आषाढापासून असाच भाग वजा होतोय, त्या म्हणाल्या. पण खरं वाईट पुढे झालं. तुम्ही घाबरून बसलात. भार थांबला, हुकूम थांबला, कुरतडणं तेवढं चालू राहिलं. आजची मोजणी खरोखरच वाईट आहे.

म्हणजे खोटं वर्षभर कानात सांगितलं गेलं आणि शेवटी अंगानं ते खरं करून दाखवलं.

डॉक्टरीणबाईंची नजर मृण्मयीकडे वळली. ती बिचारी शपथा घ्यायला लागली की आई, मी नाही, माझं तर नावही तू घातलं नव्हतंस. वैजूनं तिच्या हातावर हात ठेवला. "माहितीय मला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मृण्मयीला त्याचीच भीती वाटली. गेलेलं हाड परत येईल का, एवढंच वैजूनं पुढे विचारलं. काही येईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनं आणि भार, अगदी पहिल्यापासून, ओट्याला धरून टाचा उचलण्यापासून. सगळं येईल असं मी म्हणणार नाही. फुगडीचं नाव सध्या काढू नका.

घरी आल्यावर वैजूनं ते केलं जे तिनं कधी करायचं नाही असं ठरवलं होतं. लेकीकडून शिकून घेऊन तिनं प्रतिभाचा आकडा उघडला. वाटलं होतं, हिरवा असेल. प्रतिभा लाल होती. आजची नव्हे; वैजूला "लाल" ऐकू आलं त्याच्या कितीतरी आधीपासून लाल. म्हणजे हजेरीला उभी राहून ती गोड गळ्यानं "हिरवी" म्हणायची ते सगळं खोटं. त्या हातांत हात देऊन वैजू डोळे मिटून मागे पडायची.

लाल असेल तिनं बाहेर बसायचं ठरलेलं असताना ती स्वतः बाहेर बसली नाही. तिनं वैजूला बसवलं. आणि मग मैत्रिणीसाठी त्याग करणारी म्हणून दिमाखात स्वतःही बसली. लाडू आणले. शाल घातली. वैजूला सगळं आठवत गेलं आणि अंगाची लाही लाही झाली. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते तिला सत्तराव्या वर्षी कळलं.

प्रतिभाच्या आकड्याखालीच ती कळ होती. वैजूनं कधी हात न लावलेली, मधोमध उभी. वर सरकवली तर आकडा कमी दिसतो. आणि खाली? खाली सरकवली की वाढतो, तीही सोय होती, निरुत्साही माणसांना उमेद यावी म्हणून. नुसतं बोट फिरवायचं. उद्या प्रतिभाच्या कुडीत "हिरवी" येईल. तिला वाटेल, बरी झाले. ती उडी मारेल. पुढचं वैजूला स्वच्छ दिसत होतं, पलंगासकट. तिनं बोट कळेवर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. असल्या कामाला अक्कल लागत नाही, धीर लागत नाही, काही म्हणजे काही लागत नाही, हे तिला त्या क्षणी समजलं. प्रतिभानंही असंच बसल्या बसल्या केलं असणार, बहुतेक चहा पिता पिता. वैजूनं बोट उचललं आणि फोन उपडा ठेवला.

मंगळवारी दुपारी ती मृण्मयीला घेऊन हॉलवर गेली. वर्षानं वैजू आलेली बघून बायकांनी गलका केला. प्रतिभा लगबगीनं खुर्ची घेऊन आली. वैजू बसली नाही. ती गोलात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली की आधी हजेरी होऊन जाऊ दे, नियम आहे आपला. पहिला रंग तिनंच सांगितला, लाल. मग एकेक बाई सांगत गेली, हिरवी, पिवळी, हिरवी, आणि पाळी प्रतिभाची आली. ती गाणारी म्हणून तिला हल्ली कुणी विचारत नसे. सगळ्या बघत होत्या. प्रतिभानं वैजूच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "हिरवी."

वैजूला वाटलं होतं की ती आता तरी खरं सांगेल. आत काहीतरी उरलंसुरलं होतं, ते त्या एका शब्दानं गेलं.

"मग ये," वैजू म्हणाली. तिनं पाय जुळवले आणि हातांचा तिढा करून पुढे धरला. "मी येते. तू हिरवी आहेस, मला सांभाळशील."

मृण्मयी पुढे व्हायला लागली, वैजूनं तिला नजरेनंच थांबवलं. प्रतिभानं हात पुढे केले. केले म्हणजे ते आपोआप झाले, आयुष्यभराची सवय. वैजूनं ते धरले आणि कळलं: मनगटं काडीसारखी झाली होती, पकडीत जीव नव्हता. अंग मागे न झोकता ती नुसती धरून उभी राहिली. मग प्रतिभा मटकन खाली फरशीवर बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लाल. मी लाल आहे. केव्हाची."

बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, पाणी आणा, पंखा लावा सुरू झालं. कळेचं वैजूनं कुणालाच सांगितलं नाही. दयेपोटी नव्हे. सांगितलं असतं तर सगळ्या आधी प्रतिभाला बोलल्या असत्या आणि मग तिचीच समजूत काढत बसल्या असत्या, ह्या बायकांना ती चांगली ओळखून होती. गर्दी पांगल्यावर दोघी हॉलच्या पायरीवर बसल्या, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून.

प्रतिभा बोलत राहिली. वैजूची कुडी लाल म्हणाली त्याच्या आदल्या श्रावणात फुगडी घालताना तिच्या मनगटात चमक भरली होती आणि मूठ सुटता सुटता राहिली होती. वैजू तेव्हा डोळे मिटून हसत होती. त्या दिवसापासून तिला स्वप्नात वैजू पडलेली दिसायची. सांगावंसं किती वेळा वाटलं. पण सांगितलं असतं तर वैजूनं दुसरी जोडीदार घेतली असती आणि आपण खुर्चीत बसून ते बघत राहिलो असतो, हे तिला सोसवेना. मग घरी बसल्या बसल्या ती कळ सापडली. थोडीशीच सरकवली होती, ती म्हणाली. तू पडू नयेस म्हणून.

"पडू नये म्हणून," वैजू म्हणाली. "हात सुटतोय एवढं म्हणाली असतीस तर मी फुगडी सोडली असती गं. तुझ्याबरोबर बसले असते. तू मला एकटीला बसवलंस आणि वर्षभर येऊन बघून गेलीस."

प्रतिभा रडली. वैजूलाही रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आत गाणं सुरू झालं होतं, प्रतिभाशिवाय, बेसूर. प्रतिभानं डोळे पुसून विचारलं की तू माझं नाव काढलंस का.

"काढलं," वैजू म्हणाली. "मृण्मयीचं घातलं. तिला सांगितलंय, ती कळ दिसली तरी हात लावायचा नाही."

"आणि माझ्याकडे तुझं आहे ते?"

वैजू कठड्याला धरून सावकाश उठली. "ते राहू दे. तुझा आकडा मी रोज बघणार आहे. आहे तसा."

त्याप्रमाणे ती बघते. सकाळी ओट्याला धरून टाचा वर, टाचा खाली करते, खुर्चीतून हात न टेकता उठते, बसते, आंबील पिते, आणि आंबील पिता पिता प्रतिभाचा आकडा उघडते. पदनाद सगळं सांगतो: आज चालली का, ऊन घेतलं का, दही खाल्लं का. प्रतिभा नुसतीच बसून राहिलेली दिसली की वैजू तिला एकच शब्द लिहून पाठवते, ऊठ. थोड्या वेळानं तिकडची पावलं मोजली जायला लागतात. प्रतिभाचा आकडा हळूहळू वर येतोय, वैजूचाही येतोय.

दोघींची घरं एकाच सोसायटीत आहेत, जिन्यात गाठ पडतेच. प्रतिभा थांबते, वाट बघते. वैजू कठडा धरून शेजारून उतरून जाते.